‘सावली’ला इंग्रजीत काय लिहायचं : शेड की शॅडो?

पडवी

नमस्कार मंडळी. आमच्या गावातला बायकांचा बचत गट शेवग्याच्या पानांची पावडर करतो. आजवर ती आठवडी बाजारात आणि ओळखीपाळखीत खपत होती. आता पुण्याच्या एका दुकानाने मागितली आहे आणि त्यांना पाकिटावर इंग्रजी मजकूर हवाय. बाकी सगळं लिहून झालं, अडलंय एकाच ओळीवर : ‘सावलीत वाळवलेली’. गटातली एक जण म्हणते ‘शॅडो ड्राइड’ लिहा, बाजारातल्या पाकिटांवर तसंच दिसतं. दुसरी म्हणते ‘शेड ड्राइड’. शब्दकोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे ‘सावली, छाया’ हेच.

आमच्यासाठी ही ओळ महत्त्वाची आहे. पानं उन्हात टाकली की लवकर वाळतात, पण हिरवा रंग उडतो आणि पावडर पिवळट होते. म्हणून आम्ही पडवीत बाजेवर धुतलेली सुती साडी अंथरतो, पानं पातळ पसरतो, अधूनमधून हात फिरवून वरखाली करतो आणि मुठीत धरल्यावर चुरचुरली की मगच दळायला नेतो. ही मेहनत गिऱ्हाइकाला त्या दोन शब्दांत कळायला हवी. नुसतं उत्तर नको, फरकही समजावून सांगा. पुढच्या वेळी आमचं आम्हाला ठरवता आलं पाहिजे.

खडूफळा

ताई, ‘शेड ड्राइड’ लिहा, बिनधास्त. बाजारातल्या पाकिटांवर ‘शॅडो ड्राइड’ खूप दिसतं हे खरं आहे, पण ते ‘सावली’चं थेट भाषांतर करून आलेलं आहे.

आता फरक. शेड म्हणजे ऊन न लागणारी जागा, आडोसा. शॅडो म्हणजे उजेड अडल्यामुळे पलीकडे पडलेला काळा आकार. शेडमध्ये आपण बसतो, गाडी लावतो, कपडे वाळत घालतो. शॅडो आपण बघतो. ती लांब होते, आखूड होते, भिंतीवर पडते, हलते.

माझ्या वर्गात मी मुलांना दोन प्रश्न विचारायला लावते. मराठी वाक्यातल्या ‘सावली’ला ‘कुठे?’ हा प्रश्न नीट बसला, तर शेड. ‘कशाची?’ किंवा ‘कुणाची?’ हाच प्रश्न मुख्य असेल, तर शॅडो. पानं कुठे वाळवली? सावलीत. म्हणून शेड. भिंतीवर कुणाची सावली हलली? मांजराची. म्हणून शॅडो.

नदीकाठ

मग सोपं आहे की. शेड म्हणजे सावली आणि शॅडो म्हणजे पडछाया. मराठीतही दोन शब्द आहेतच.

खडूफळा

नदीकाठ, ही जोडी मोहात पाडणारी आहे, पण टिकत नाही. ‘माझी सावली माझ्यापुढे चालत होती’ असं आपण सर्रास म्हणतो. तिथे कुणी पडछाया म्हणत नाही, आणि इंग्रजीत मात्र ती शॅडोच. शिवाय ‘छाया’चं काय करणार? छत्रछाया, छायाचित्र, पर्जन्यछाया, तिन्हीकडे अर्थ वेगळा. मराठी शब्दाला मराठी शब्द लावून इंग्रजी निवडायला गेलं की फसायला होतं. समोर काय चित्र आहे ते डोळ्यांपुढे आणा आणि मग शब्द निवडा.

दहा_गुंठे

शेतकऱ्यांना हा फरक रोजच्या कामातून आधीच ठाऊक आहे, फक्त त्याकडे तसं कुणी बघत नाही. आपण ‘शेडनेट’ म्हणतो, ‘शॅडोनेट’ कुणी म्हणत नाही. नेट ३५ टक्के, ५० टक्के, ७५ टक्के अशी मिळते, म्हणजे तेवढा उजेड ती अडवते. शेडचं असं प्रमाण सांगता येतं. जास्त शेड, कमी शेड, अर्धी शेड. रोपवाटिकेत कोवळ्या रोपांना आधी दाट शेड आणि लावणीआधी हळूहळू कमी करत जायची, हे सगळं ‘किती’चं काम आहे. शॅडोला ‘किती टक्के’ विचारून चालत नाही. ती मोजायची तर एक, दोन, तीन अशी.

एक गोंधळ मात्र आपल्याकडे कायमचा आहे. गाईगुरांसाठी पत्र्याची ‘शेड’ मारतो तो शब्द वेगळाच. इंग्रजीत त्याचा उच्चार आखूड आहे. सावलीवाला शब्द लांबवून म्हणायचा, जवळजवळ ‘शेऽइड’. मराठीत दोन्ही सारखेच लिहितो, म्हणून बोलतानाही सारखेच निघतात.

खडूफळा

दहा_गुंठे, फार महत्त्वाचं बोललात. व्याकरणाचा अर्धा फरक तुमच्या शेडनेटमध्येच आला. या अर्थाने शेड हे न मोजता येणारं नाम आहे, पाणी किंवा ऊन यांसारखं. म्हणून ‘अ शेड’ किंवा ‘शेड्स’ म्हटलं की अर्थ बदलतो. ‘अ शेड ऑफ ग्रीन’ म्हणजे हिरव्याची छटा, ‘शेड्स’ म्हणजे बोलीत उन्हाचा चष्मा. सावलीत बसायचं असेल तर ‘इन द शेड’. मधला ‘द’ आपली मंडळी हमखास गाळतात, कारण मराठीला त्याची गरजच लागत नाही. शॅडो मोजता येते : अ शॅडो, टू शॅडोज.

वेधशाळा

मी हौशी आकाशनिरीक्षक आहे. खडूफळा मॅडमच्या दोन प्रश्नांना पडताळून बघायला एक दिवस फार उत्तम आहे, शून्य सावलीचा. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रदेशात वर्षातून दोनदा सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. आपल्या राज्यात मे महिन्याच्या सुरुवातीला दक्षिणेकडून हा प्रकार सुरू होतो आणि महिनाभरात उत्तरेकडे सरकतो. पुण्या-मुंबईला साधारण मेच्या मध्यावर, आणि पुन्हा जुलैच्या शेवटी, पण तेव्हा बहुतेक ढगच असतात.

त्या क्षणी अंगणात उभा रोवलेला खांब बघा. त्याची सावली त्याच्याच बुडाखाली जाते, जमिनीवर काहीच उमटत नाही. म्हणून इंग्रजीत तो ‘झीरो शॅडो डे’. पण त्याच वेळी त्याच अंगणातल्या आंब्याखाली जा. तिथे छान गारवा आहे, म्हणजे शेड जशीच्या तशी. ‘झीरो शेड डे’ म्हटलं तर सगळीकडे ऊनच ऊन, कुठेही आसरा नाही असा अर्थ होईल, आणि तसं तर काही झालेलं नाही.

ग्रहणांतही शॅडोच. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते. तिची गडद बाजू प्रच्छाया, फिकट बाजू उपच्छाया. चंद्र नुसत्या उपच्छायेतून गेला की पंचांगवाले ‘छायाकल्प ग्रहण’ म्हणतात. ‘कशाची?’ विचारा : पृथ्वीची. म्हणून ‘अर्थ्स शॅडो’.

नदीकाठ

आंब्याचं पटलं. पण मग त्या आंब्याची जमिनीवर पडलेली सावली शॅडो नाही का? झाड एकच, काळोखा भाग एकच, आणि शब्द दोन?

वेधशाळा

हो, दोन. त्या तुकड्याकडे कोण कशासाठी बघतंय यावर आहे ते. गुराखी दुपारी तिथे टेकला, तो ‘इन द शेड ऑफ द ट्री’. संध्याकाळी त्याच झाडाची सावली लांबत लांबत विहिरीपर्यंत पोचली, ती ‘द शॅडो ऑफ द ट्री’. शिवाय शेड म्हटलं की उन्हापासून सुटका हा भाव आलाच. रात्री दिव्याच्या उजेडात त्याच झाडाची शॅडो भिंतीवर पडते, पण रात्री कुणी शेड शोधत नाही.

रेषा_आणि_रंग

चित्रकलेकडून थोडी भर घालते. एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांना वस्तुचित्र आठवत असेल. टेबलावर तांब्या, शेजारी एखादं वांगं किंवा कांदा, खाली कापड. डावीकडून उजेड येतोय. तांब्याच्या उजव्या अंगावर, त्याच्या स्वतःच्या पोटावर, जो काळोख चढत जातो, तो शेड. पेन्सिल आडवी धरून तो भरायचा त्यालाच शेडिंग म्हणायचं. आणि तांब्यामुळे कापडावर जो तिरका काळा डाग पडतो, ती कास्ट शॅडो, मराठीत पडछाया. सर सांगायचे, पडछायेची कड वस्तूजवळ ठळक ठेवा आणि लांब जाताना मऊ करा.

वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना हे भूमितीने शिकवतात, तिथे विषयाचं नावच ‘शेड्स अँड शॅडोज’ असतं. उजेडाकडे पाठ केलेली वस्तूची स्वतःची बाजू शेड, आणि दुसऱ्या पृष्ठभागावर पडते ती शॅडो. म्हणजे रोजच्या बोलण्यातला फरक आणि चित्रातला फरक तंतोतंत सारखा नाही, पण मूळ तेच : शॅडो नेहमी मूळ वस्तूपासून सुटून दुसरीकडे पडते.

पडवी

केवढं समजलं! तांब्याचं चित्र तर मी स्वतः काढलेलं आहे शाळेत. पाकिटावर ‘शेड ड्राइड मोरिंगा लीफ पावडर’ असं पक्कं केलं. सगळ्यांचे आभार.

पण आता गटातल्या एका ताईंच्या लेकीने दुसराच प्रश्न काढलाय. ती परदेशातल्या विद्यापीठाच्या अर्जासाठी स्वतःबद्दल निबंध लिहितेय. वडील लवकर गेले, आजीने वाढवलं. तिने लिहिलंय, ‘मी आजीच्या सावलीत वाढले’, आणि इंग्रजीत ‘इन द शॅडो ऑफ माय ग्रँडमदर’. आपल्या ‘कुणाची?’ प्रश्नाप्रमाणे शॅडो बरोबर ना?

टेम्सकाठचा_गडी

पडवी ताई, तिला आधी थांबवा! नियमाने शॅडो बरोबर दिसेल, पण अर्थ पार उलटा होईल. मी इंग्लंडमध्ये बरीच वर्षं आहे, नोकरीत माणसांचे अर्ज वाचतो. ‘इन हर शॅडो’ म्हणजे ती व्यक्ती एवढी मोठी, एवढी प्रसिद्ध, की तिच्यापुढे माझ्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. नामवंत वडिलांचा मुलगा, हुशार थोरल्या बहिणीची धाकटी बहीण, अशांबद्दल असं बोलतात. त्यात सल असतो. वाचणाऱ्याला वाटेल की आजीने या मुलीला वर येऊ दिलं नाही.

मराठीत सावली म्हणजे माया. आपल्याकडे उन्हाचा तडाखाच असा, की सावली देणारं ते आपलं. इथल्या लोकांना उन्हाचं अप्रूप, त्यामुळे कुणाच्या सावलीत असणं म्हणजे उजेडाला मुकणं. हा माझा अंदाज आहे, पण इथे राहिल्यावर तो रोज पटतो.

आणि ‘इन द शेड ऑफ माय ग्रँडमदर’ही नको. ते ऐकून आजी उन्हात उभी आहे आणि नात तिच्या आडोशाला बसली आहे असं चित्र दिसतं. तिने साधं लिहावं : माझ्या आजीने मला वाढवलं, आणि तिच्या आधारामुळे मी इथवर आले. मग आजीने काय काय केलं ते दोन वाक्यांत लिहावं. पहाटे उठून डबा दिला असेल, फीसाठी कोंबड्या विकल्या असतील, जे खरं असेल ते. सावली हा शब्द न वापरताही आजीची सावली वाचणाऱ्यापर्यंत पोचेल.

वसईकरीण

टेम्सकाठच्या दादांचं आजच्या इंग्रजीपुरतं अगदी बरोबर. पण इंग्रजीत शॅडोला आसऱ्याचा अर्थ कधी नव्हताच असं नाही. आम्ही चर्चमध्ये लहानपणापासून स्तोत्रं ऐकत आलोय. जुन्या इंग्रजी बायबलात, १६११ च्या भाषांतरात, ९१ व्या स्तोत्रात सर्वसमर्थाच्या सावलीत राहण्याची गोष्ट आहे आणि तिथे शब्द शॅडो आहे. १७ व्या स्तोत्रात पंखांची सावली, तीही शॅडोच. मूळ स्तोत्रं उन्हाच्या देशातली, तिथे सावलीचा अर्थ आपल्यासारखाच. मराठी बायबलात ती ‘सावली’ कानाला अगदी आपली वाटते. तर प्रार्थनेत, जुन्या ढंगात चालेल. अर्जाच्या निबंधात नको.

खडूफळा

वसईकरीण, सुंदर नोंद. यावरून या दोन शब्दांचं गोत्र सांगते, मला स्वतःला ते फार आवडतं. शेड आणि शॅडो हे मुळात दोन शब्द नव्हतेच. जुन्या इंग्रजीत एकच नाम होतं. ते कर्ता म्हणून आलं की त्याचं एक रूप, आणि वाक्यात इतर विभक्तींत गेलं की दुसरं रूप. आपल्याकडे ‘पाणी’चं ‘पाण्या-’ होतं आणि मग त्याला ‘-त’, ‘-ला’ लागतं, तसंच. मूळ रूपातून शेड आलं आणि सामान्यरूपातून शॅडो. पुढे विभक्त्या झडून गेल्या, दोन्ही रूपं मात्र शिल्लक राहिली आणि लोकांनी त्यांत कामं वाटून घेतली. ‘कुरण’ या अर्थाचे मीड आणि मेडो हे शब्दही असेच एकाच नामाची दोन रूपं आहेत. त्यांतला मीड आता कवितेपुरता उरलाय.

म्हणून शब्दकोशात दोन्हींपुढे एकच मराठी अर्थ दिसतो, त्यात कोशकाराचा आळस नाही. सख्खी भावंडं आहेत ती. आणि म्हणूनच मी मुलांना नुसते अर्थ पाठ करू देत नाही, शब्द ज्या जोडीने येतो ती जोडी पाठ करायला लावते. सिट इन द शेड. कास्ट अ शॅडो. जोडी तोंडात बसली की ऐन वेळी नियम आठवावा लागत नाही.

सोनोग्राफी_रूम

मी रेडिऑलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. पेशंट रिपोर्ट हातात घेऊन घाबरतात, म्हणून लिहितो. किडनी स्टोनच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये ‘अकूस्टिक शॅडो’ असं लिहिलेलं असतं. लोकांना वाटतं कुठेतरी डाग आहे, काहीतरी वाईट आहे. तसं नाही. मशीन आवाजाच्या लहरी सोडतं, खडा त्या अडवतो, त्यामुळे खड्याच्या मागे लहरी पोचत नाहीत आणि पडद्यावर काळा पट्टा दिसतो. खडा स्वतः पांढरा चमकतो. ती काळी पट्टी खड्याची सावली आहे, वेगळा आजार नाही. इथे उजेडाचा संबंधच नाही, तरी शॅडो. काहीतरी येत होतं, मध्ये कुणीतरी अडवलं, मागे पोचलं नाही.

दहा_गुंठे

हे वाचून आमचा माण-खटाव आठवला. पर्जन्यछायेचा प्रदेश, इंग्रजीत ‘रेन शॅडो’. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात पूर्वेला आमच्याकडे पाचशेच्या आसपास. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्री अडवतो, पाणी घाटमाथ्यावरच सांडतं, मागे कोरडा वारा येतो. सोनोग्राफीवाल्या दादांचंच गणित, खड्याच्या जागी सह्याद्री. यात ‘शेड’ का नाही तेही कळलं. शेडमध्ये सुख असतं. पर्जन्यछायेत राहणाऱ्याला कसलं सुख? जनावरं छावणीत न्यावी लागलेली साल आम्ही विसरलेलो नाही.

अनुवादाची_वही

मी भाषांतराचं काम करते. एक गंभीर उदाहरण मांडते, कारण तिथे चुकीचा शब्द पडला तर इतिहास हलका होतो. पेशवाईत समोरून हिंदू माणूस येत असेल, तर अस्पृश्य मानलेल्या माणसांची सावलीही त्याच्या अंगावर पडू नये म्हणून त्यांना रस्त्यावरून चालायला मज्जाव होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे मांडलं आहे आणि त्यांचा शब्द आहे शॅडो. एका विद्यार्थ्याच्या निबंधात मी त्या ठिकाणी ‘शेड’ पाहिलं. शेड म्हटलं की गारवा येतो, आसरा येतो, आणि ज्या गोष्टीत माणसाच्या नुसत्या आकाराला विटाळ मानलं गेलं ती गोष्ट वाचणाऱ्याला कळतच नाही. शॅडोमध्ये त्या माणसाचं शरीर आहे, त्याचं तिथे असणं आहे. तेच नाकारलं जात होतं. हा शब्द विद्यार्थ्यांनी चुकवू नये असं मला मनापासून वाटतं.

टेम्सकाठचा_गडी

अनुवादाची_वही, हे प्रत्येक शिक्षकाने सांगायला हवं.

पडवी ताईंनी सांगितलेल्या मुलीसाठी अजून एक, ती इकडे आली तर कामाला येईल. शॅडो क्रियापद म्हणूनही येतं. नव्या जागी रुजू झालं की ‘अमक्याला शॅडो कर’ म्हणतात, म्हणजे दिवसभर त्याच्यासोबत राहून काम बघ. आपलं ‘सावलीसारखा मागे’ अगदी तेच. आणि इथल्या विरोधी पक्षाचं ‘शॅडो कॅबिनेट’ त्याच अर्थाने : प्रत्येक मंत्र्यामागे विरोधकांचा एक जण त्या खात्यावर नजर ठेवून. मार्च २०२० मध्ये मनसेने शॅडो कॅबिनेट जाहीर केलं तेव्हा हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत जसाच्या तसा आला होता.

नदीकाठ

माझा शेवटचा प्रश्न, आणि तो खरोखर कामाचा आहे. नदीकाठी आमचं छोटं कृषी पर्यटन केंद्र आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना जुनी चिंचेची झाडं आहेत, दुपारीही ऊन लागत नाही. जाहिरातीत ‘शेडी प्लेस’ लिहिलं होतं. पुतण्या म्हणाला, काका, काढा ते. मुंबईची पोरं ‘शेडी’ म्हणजे संशयास्पद समजतात. मग ‘शॅडोवी’ लिहू का?

खडूफळा

पुतण्याचं बरोबर आहे काका. ‘शेडी’चे दोन्ही अर्थ जिवंत आहेत. झाड, वाट, बाग यांच्यासोबत आला तर सावलीचा : ‘शेडी लेन’, ‘शेडी गार्डन’. माणूस, व्यवहार किंवा नुसती ‘प्लेस’ असेल तर संशयाचा. ‘शॅडोवी’ तर अजिबात नको, त्यात अंधार आणि भीती आहे. तुम्ही ‘अ शेडी लेन ऑफ ओल्ड टॅमरिंड ट्रीज’ असं लिहा. चिंचेचं नाव शेजारी आलं की कुणाला शंका येणार नाही.

रेषा_आणि_रंग

आणि काका, फोटो दुपारी बाराचा नका लावू. सकाळी आठ-साडेआठला काढा, तेव्हा खोडांच्या शॅडोज वाटेवर आडव्या पडतात आणि वाट किती शेडी आहे ते फोटोतच दिसतं.

नदीकाठ

उद्या सकाळीच काढतो. ढग नसले तर इथे टाकतो.